बिऱ्हाड हलविणारी मुलगी

गेल्या महिन्यांतली गोष्ट. रात्रींचीं जेवणें आटोपून आम्ही सारीं ओसरीवर बसलों होतों. आमच्या उत्तर कसब्यांतल्या घरांत अद्याप चूल एकच आहे. त्यामुळें कोणाही एकाचा प्रश्न लवकरच साऱ्यांचा होतो आणि तो सोडविण्यास दहा तोंडें पुढें येतात. त्या रात्रींचा प्रश्न पुण्याहून फोनवरून आला होता. माझ्या थोरल्या बंधूंची नात तेथें एका खाजगी कंपनींत नोकरीस आहे. तिच्या हुद्द्याचें नांव ‘रिलोकेशन को-ऑर्डिनेटर’. तिच्या कचेरींत सात जण हें काम करीत असत. नवी संगणक-प्रणाली आली, चौघांस निरोप मिळाला, तिघें राहिलीं. त्यांत ही एक.

“आप्पा, ह्या वर्षीं मी राहिलें, पुढच्या वर्षीं राहीनच असें नाहीं. हेंच काम धरून बसूं, कीं सोलापुरास परत येऊन बी. एड्. करूं? तुम्ही सांगाल तें करीन,” असें ती म्हणाली.

वहिनींचें मत तयारच होतें. “बी. कॉम. झालेल्या मुलीनें लोकांचीं भांडीं बांधत हिंडावें, हें मला पहिल्यापासूनच पटलें नव्हतें. यंत्रानें तिला सोडविलें तर देवच पावला म्हणायचें!” मुलीच्या वडिलांनीं नुसती मान हलविली. मग सर्वांचे डोळे मजकडे वळले. कारण मास्तरकींत छत्तीस वर्षें काढून निवृत्त झालेला माणूस ‘मास्तरकीसारखी निर्धास्त नोकरी नाहीं’ असेंच सांगणार, अशी साऱ्यांची खात्री होती. खरें सांगावयाचें तर माझ्याही ओठांवर तेंच उत्तर होतें. तरी मीं एका रात्रीची मुदत मागितली, आणि त्या रात्रीचा पाहतां पाहतां महिना झाला. त्या महिन्यांत जें मनांत घोळलें, तें ह्या वेळीं वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण आज घरोघरीं कोणी तरी मुलगा किंवा मुलगी हाच प्रश्न घेऊन वडील माणसांपुढें उभी आहे.

प्रथम हें काम काय आहे तें पाहूं. एखादी कंपनी आपल्या माणसाची बदली दिल्लीहून पुण्यास करते. किंवा परदेशांतला एखादा इंजिनियर दोन वर्षांसाठीं सहकुटुंब येतो. त्याचें बिऱ्हाड उचलून नव्या गांवीं त्याला राहता करण्याचें काम ती कंपनी स्वतः करीत नाहीं. ह्या लोकांकडे सोंपविते. सामानाची यादी, ट्रक, विमा, घर, भाडेकरार, मुलांची शाळा, गॅस, वीज, बँकेचें खातें, आणि पाहुणा परदेशी असेल तर त्याची सरकारदरबारीं नोंद. ह्यांतलें प्रत्येक काम करणारा माणूस निराळा. त्या सर्वांस एका सूत्रांत ओवून वेळेवर काम उरकून घेणें, हा ह्या मुलीचा व्यवसाय. भांडीं बांधणारे हमाल वेगळे असतात, हें वहिनींस सांगून पाहिलें. पण तें असो.

आतां ह्या यादींतलें यंत्रानें काय काय घेतलें पाहा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें घरभाड्याचा करार लेखी व नोंदलेला असणें आवश्यक ठरविलें. त्यासाठीं दोन्ही पक्षांस घेऊन नोंदणीच्या कचेरींत रांग धरावी लागे. आतां आधार-क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा ह्यांवर ती नोंदणी घरबसल्या होते. परदेशी माणसांच्या नोंदणीचे अर्जही २०१८ पासून देशभर संगणकावरूनच होऊं लागले. हल्लीं तर भाडें, अंतर, शाळा, बाजार हें सारें तोलून यंत्र दहा घरांची निवड क्षणांत पुढें ठेवतें, आणि पाहुण्याच्या पत्रास त्याच्याच भाषेंत उत्तरही लिहितें. चार माणसांचें काम गेलें तें असें. त्यांनीं कामांत कुचराई केली नव्हती, हें येथें मुद्दाम नमूद करतों; कारण ज्याची नोकरी जाते त्याच्याच अंगीं कांहीं तरी उणें असावें, असें समजण्याची आपणांस फार संवय आहे.

हा धंदा नव्या काळाचा म्हणून आपण सोलापूरकरांनीं तरी नाक मुरडूं नये. हें शहरच मुळीं बिऱ्हाडें हलवून आलेल्या लोकांनीं वाढविलें. तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले आणि पूर्व भागांत माग घालून येथलेच झाले. १८७६-७७ च्या दुष्काळांत हा जिल्हा होरपळला, आणि १८७७ मध्येंच येथली पहिली कापडगिरणी, जिला आपण जुनी गिरणी म्हणतों, ती सुरू झाली. खेड्यांतून निघालेला माणूस गिरणीच्या दाराशीं उभा राही. पण आंतल्या साहेबाची त्याला ओळख नाहीं आणि साहेबाला त्याची नाहीं. ह्या दोघांच्या मध्यें उभा असे तो जॉबर. तो गांवाकडून माणसें आणी, कामावर लावी, खोली बघून देई, वाण्याकडे पहिल्या महिन्याची उधारी लावून देई आणि अडीनडीला कर्जही देई. गिरणींत काम करणाऱ्या बायांवर अशीच नायकीण असे. आजच्या इंग्रजी नांवानें हांक मारावयाची तर हीं दोघें रिलोकेशन को-ऑर्डिनेटरच!

मात्र जॉबर ह्याबद्दल दस्तुरी घेई, आणि कोणाला कामावर ठेवावयाचें हें त्याच्या लहरीवर असे. व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९२९ सालीं नेमलेल्या शाही कामगार आयोगानें १९३१ च्या अहवालांत जॉबराची ही सत्ता काढून घ्यावी आणि माणसें नेमण्याचें काम कामगार-अधिकाऱ्याकडे द्यावें, असें सुचविलें. मुंबईच्या गिरण्यांत १९३५ पासून बदली कामगारांची नोंद ठेवण्याची रीति सुरू झाली. जॉबराचें राज्य एका दिवसांत संपलें नाहीं, पण त्याला उतरती कळा लागली ती तेव्हांपासून.

ह्या इतिहासांत दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही आमच्या मुलीच्या उपयोगाच्या आहेत. पहिली अशी कीं, जॉबराचें बळ मुख्यतः एवढ्यांतच होतें कीं, कोठें जागा रिकामी आहे तें त्याला ठाऊक असे व इतरांस नसे. तें ज्ञान वहींत उतरतांच तें बळ सरलें. ज्याचें पोट दुसऱ्याच्या अज्ञानावर चालतें, त्याची जागा घेण्यास संगणकसुद्धां लागत नाहीं. एक वही पुरते. दुसरी गोष्ट अशी कीं, वहीनें न्याय आणला, पण जॉबराचीं सारींच कामें वहीनें उचललीं नाहींत. नव्या माणसास खोली कोण दाखविणार, तो तापानें फणफणला तर उशाशीं कोण बसणार, ह्यांसाठीं वहींत रकाना नव्हता. तें काम संपलें नव्हतें. तें फक्त कोणाचेंच राहिलें नव्हतें. पुढें भजनी मंडळांनीं, ज्ञातिसंस्थांनीं आणि कामगार-संघांनीं तें आपापल्या परीनें उचललें.

सरकारनें जेव्हां बिऱ्हाडें हलविलीं, तेव्हां हीच उणीव मोठ्या प्रमाणावर दिसली. भीमेवरील उजनी धरणाचा पाया १९६६ सालीं घातला गेला आणि धरण १९८० सालीं पुरें झालें. प्रकल्पामुळें उठलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचा आपल्या राज्याचा कायदा आला १९७६ सालीं. म्हणजे पाया घातल्यावर दहा वर्षांनीं. घरें मोजलीं गेलीं, जमिनी मोजल्या गेल्या, झाडें मोजलीं गेलीं. इंदापूर तालुक्यांतलें पळसदेव गांव पाण्याबाहेर नव्या जागीं वसलें आणि पळसनाथाचें जुनें देऊळ जलाशयांत राहिलें. पाणी फार ओसरतें त्या उन्हाळ्यांत तें देऊळ उघडें पडतें. अशाच एका उन्हाळ्यांत मीही तें पाहावयास गेलों होतों. हौशी लोक छायाचित्रें काढीत होते. एक वृद्ध गृहस्थ मात्र देवळाकडे पाठ करून उभे होते आणि आपलें घर कोणत्या बाजूस होतें, तें नातवाला बोटानें दाखवीत होते. तेथें दाखविण्यासारखें कांहीं नव्हतें; नुसता भेगाळलेला गाळ होता. त्यांच्या घराची किंमत कोठल्या तरी कागदावर खात्रीनें लिहिलेली असेल.

अगदीं अलीकडे, १९ जानेवारी २०२४ रोजीं, आपल्या शहराबाहेर कुंभारीच्या रे नगरांत १५,००० घरें विडी-कामगार, यंत्रमाग-कामगार अशा श्रमिक कुटुंबांच्या स्वाधीन झालीं. सारी योजना ३०,००० घरांची आहे. भाड्याच्या खोलींत जन्म काढलेल्यांस स्वतःचें दार मिळालें, ही थोर गोष्ट होय. तरी पण किल्ली एका दिवसांत हातीं येते आणि राहतें व्हावयास वर्ष लागतें. कामाची जागा, शाळा, दवाखाना, बस, उधार देणारा ओळखीचा वाणी, हीं किल्लीबरोबर मिळत नाहींत.

पण दुसऱ्यांचीं उणीं कशाला काढूं? हीच चूक मीं स्वतः केली आहे, आणि तीही सख्ख्या बहिणीच्या बाबतींत.

माझी वडील बहीण, आमची आक्का, चाळीस वर्षें पंढरपुरास राहिली. यजमान गेल्यावर कांहीं वर्षांनीं तिला पुण्यास मुलाकडे न्यावयाचें ठरलें. ह्या कामीं मी पुढें झालों. मास्तराला यादी करण्याची हौस भारी. एकशें चौदा वस्तूंची यादी केली. प्रत्येक खोक्यावर आंकडा घातला. बँकेचें खातें, निवृत्तिवेतन, गॅस, शिधापत्रिका, औषधें, कशांतही चूक होऊं दिली नाहीं. बाराव्या मजल्यावर सामान पोंचलें तेव्हां एक बशीसुद्धां फुटलेली नव्हती. मी समाधानानें सोलापुरास परतलों आणि आठ दिवस ती यादी भेटेल त्याला दाखवीत होतों.

चार महिन्यांनीं भाच्याचा फोन आला. आक्का बोलत नाहीं, दोन घांस खाऊन उठते, खिडकीपाशीं बसून राहते. डॉक्टरांनीं सर्व तपासण्या केल्या. आजार कोणताच नाहीं. त्या वेळीं आमची ही मुलगी पुण्यांत नुकतीच नोकरीस लागली होती. एका रविवारीं ती आक्काकडे गेली आणि तिनें एकच प्रश्न विचारला: “आक्काआजी, पंढरपुरास तूं उठल्यापासून निजेपर्यंत काय काय करीत होतीस?” आक्कानें सांगितलें: पहाटे चंद्रभागेवर जाणें, दुपारीं चार बायांत बसून पोथी ऐकणें, तिन्हीसांजेला देवळाच्या वाटेवरच्या फुलवालीशीं दोन शब्द बोलणें. माझ्या एकशें चौदा वस्तूंत ह्यांतली एकही नव्हती.

मुलीनें त्याच वसाहतींत हिंडून पोथी वाचणाऱ्या तीन बाया शोधून काढल्या. त्यांतली एक मंगळवेढ्याची निघाली. मग सिंहगड रस्त्यावरच्या विठ्ठलवाडीच्या देवळास जाण्याची बस तिनें आक्काला दाखविली. पहिल्या दिवशीं ती शेजारीं बसून गेली. दुसऱ्या खेपेस मागच्या बांकावर बसली, म्हणजे कोठें उतरावयाचें तें आक्कानेंच ठरवावें. तिसऱ्या खेपेस ती बसमध्यें चढलीच नाहीं. थांब्यावर उभी राहून वाट पाहात राहिली. चौथ्या खेपेस आक्का एकटी जाऊन आली आणि येतांना तिनें शेवंतीचीं फुलें आणलीं. ही हकीकत मला मुलीनें कधीं सांगितली नाहीं. ह्या महिन्यांत आक्काला भेटावयास गेलों, तेव्हां तिच्याच तोंडून कळली.

मी संस्कृत शिकविलें. त्यांत मुलांची मोठी अडचण असते ती अन्वयाची. श्लोकांतले शब्द वृत्तासाठीं इकडेतिकडे विखुरलेले असतात. प्रत्येकाचा अर्थ कोशांत सांपडतो, तरी श्लोक लागत नाहीं. कोणतें विशेषण कोणाचें आणि कोणतें क्रियापद कोणाचें, हें जुळवून शब्द अर्थाच्या क्रमानें मांडावे लागतात. विभक्ति पाहून पुष्कळसा अन्वय लागतो, आणि तेवढा आतां यंत्रही लावतें; माझ्या नातवानें तें मला करून दाखविलें तेव्हां मी चकित झालों. परंतु जेथें एकच शब्द दोन्हींकडे जाऊं शकतो, तेथें बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, हें विचारावें लागतें. चांगला विद्यार्थी तेथें थांबतो. यंत्र बहुधा थांबत नाहीं. चुकीचें उत्तरही तितक्याच आत्मविश्वासानें देतें.

‘को-ऑर्डिनेटर’ ह्या शब्दास आपण समन्वयक म्हणतों, आणि त्यांत अन्वय आहे. ट्रक, करार, गॅस, शाळा हे सुटे शब्द होत. मीं आक्काचे एकशें चौदा शब्द बिनचूक पोंचविले, पण अन्वय लागला नाहीं. तो त्या मुलीनें लावला. हलणाऱ्या माणसाच्या दिवसाचा अर्थ नव्या जागीं पुन्हां लावून देणें, हेंच ह्या धंद्याचें मर्म असें मला आतां वाटतें.

ह्यावरून यंत्र हें काम कधींच करणार नाहीं, असा धीर मात्र मी कोणाला देणार नाहीं. रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत संगणक आला आणि २००२ पासून तिकीट घरबसल्या मिळूं लागलें. खिडक्या राहिल्या, पण त्यांपुढची गर्दी पूर्वींची राहिली नाहीं. सातांचे तीन झाले, तसे उद्यां तिनांचे दोन होतील. शिवाय खरी अडचण निराळीच आहे. आक्कासाठीं मुलीनें जे चार रविवार घातले, त्यांचें बिल कोणी दिलें नाहीं. जें काम यादींत दिसत नाहीं, त्याचें मोल धन्याला समजत नाहीं, आणि ज्याचें मोल समजत नाहीं तें काम आधीं छाटलें जातें. यंत्रापेक्षां ह्या हिशेबाचें भय मला अधिक वाटतें.

मग बी. एड्. करावें काय? माझी मास्तरकी निर्धास्त होती ती माझ्या गुणानें नव्हे, काळाच्या कृपेनें. २०१३ पासून आपल्या राज्यांत शिक्षक होऊं इच्छिणाऱ्यांस पात्रता परीक्षा आहे. ती देऊन नेमणुकीची वाट पाहणारे माझेच विद्यार्थी रस्त्यांत भेटतात आणि मला मान खालीं घालावी लागते. शिकविण्याची ओढ असेल तर मुलीनें अवश्य शिक्षिका व्हावें. पण केवळ भयानें एका दारांतून निघून दुसऱ्या दारांत शिरणें ह्यास मी सल्ला म्हणत नाहीं.

शेवटीं मीं तिला फोन केला तो असा: “दोन वर्षें हें काम कर. त्या दोन वर्षांत चार गोष्टी कर. भाडेकरार आणि परदेशी लोकांची नोंद ह्यांविषयींचा कायदा मुळांतून वाच, म्हणजे यंत्राची चूक तुला पकडतां येईल. चूक पकडणाऱ्याची सही लागते. रानडे इन्स्टिट्यूटमध्यें विद्यापीठाचे परदेशी भाषांचे वर्ग आहेत; तेथें जर्मन किंवा जपानी शिक. पाहुण्याच्या पत्राचें भाषांतर यंत्र करील. पण त्याची बायको स्वयंपाकघरांत उभी राहून जें पुटपुटते, तें तुला समजलें पाहिजे. तिसरें, एक वही ठेव. प्रत्येक कुटुंबाच्या बाबतींत यादींत नसलेलें काय निघालें, आणि तें न केल्यामुळें कोण मुदतीपूर्वीं परत गेलें, हें लिही. वर्षअखेर ती वही वरिष्ठांपुढें ठेव. न दिसणारें काम दिसूं लागतें तें असें. चौथें, आठ महिन्यांचा खर्च बाजूस टाक. आणि जॉबराची चूक करूं नकोस; जें ठाऊक असेल तें झांकून ठेवून त्यावर जगूं नकोस. इतकें करून जागा गेलीच, तर घर आहे. बी. एड्. तेव्हांही करतां येईल.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “आप्पा, मला वाटलें तुम्ही परत ये म्हणाल.”

“मलाही तसेंच वाटलें होतें,” मीं उत्तर दिलें.

तेवढ्यांत वहिनींनीं माझ्या हातांतून फोन घेतला. मला वाटलें, आतां सारें मोडणार. पण त्या म्हणाल्या, “अगं, आपल्या शेजारच्या वाड्यांतल्या काकू पुढच्या महिन्यांत लेकाकडे कोथरुडास जाणार आहेत. फार धसका घेतला आहे त्यांनीं. रविवारीं एकदां जाऊन येशील का त्यांच्याकडे?”

वाचकहो, आज ना उद्यां प्रत्येक घराचें बिऱ्हाड हलतें. कोणाचें पुण्यास, कोणाचें सातासमुद्रापलीकडे. यादी खुशाल यंत्राकडून करून घ्या. ती माझ्या यादीहून सरस होईल. पण यादी पुरी झाल्यावर जो हलणार आहे, त्याच्यापाशीं घटकाभर बसा आणि त्याचा दिवस त्याला विचारा. ज्यांच्या घरीं असें विचारणारी मुलगी असेल, त्यांनीं तिच्या कामास हमाली म्हणूं नये.